तिसरा ठिपका

"दगड चोरीला गेलाय," डॉ. पद्मा टेंबे खुर्चीत बसण्याआधीच म्हणाल्या. "आणि सोमवारी सकाळी दिल्लीहून तज्ज्ञ येतोय तो बघायला."

आज शुक्रवार होता.

रमाकांत फाटकांनी चहाचा घोट कसाबसा गिळला. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून ते सीमंतिनी भागवतच्या कचेरीत बसत. स्कूटर चालवत, फोन घेत आणि प्रत्येक प्रकरणात पहिल्याच दिवशी गुन्हेगार ठरवून मोकळे होत.

"ग्वाल्हेरात दगड कोण चोरतो, बाई?" ते म्हणाले. "किल्ल्याखाली ढिगाने पडलेत."

"हा इथला नाही. इराकचा आहे."

सीमंतिनीने पंखा कमी केला. पंधरा वर्षं विमा कंपन्यांसाठी खोटे दावे पकडल्यावर तिने स्वतःचं तपासाचं काम सुरू केलं होतं. समोरच्याला मध्येच तोडायचं नाही, ही तिची सवय तेव्हापासूनची.

"पहिल्यापासून सांगा," ती म्हणाली.

पद्माबाई सत्तरीच्या होत्या. एक गुडघा नवा बसवलेला, हातात काठी. आवाज मात्र वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

"अरामी लिपी माहीत आहे? दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी अर्ध्या जगाचा कारभार तिच्यात चालायचा. तिच्या पुष्कळ शाखा झाल्या. तैग्रिस नदीच्या वरच्या अंगाला चालणाऱ्या एका शाखेवर मी आयुष्य घालवलं. बाकीच्या शाखांना संगणकात जागा मिळाली, हिला नाही."

"जागा म्हणजे?" रमाकांतरावांनी विचारलं.

"तुमच्या फोनवर तुम्ही 'क' लिहिता, तेव्हा फोन 'क' ठेवत नाही. एक क्रमांक ठेवतो. जगातल्या प्रत्येक अक्षराचा क्रमांक ठरलेला असतो, म्हणून तुमचा 'क' जपानमध्येही 'क'च दिसतो. ज्या लिपीला क्रमांक नाही, ती संगणकावर नुसतं चित्र. शोधता येत नाही, जुळवता येत नाही. कुणाला तिच्यावर काम करायचं असेल तर हातात काही नाही."

"मग मागायचे क्रमांक."

"मागितलेत. आंतरराष्ट्रीय समितीपुढे माझा प्रस्ताव आहे. अडलंय एका अक्षराशी. या लिपीत 'द' आणि 'र' यांचा आकार हुबेहूब एकच. म्हणून आजवर सगळे म्हणत आले की दोघांना मिळून एकच क्रमांक पुरे. पण या दगडावर 'र'च्या डोक्यावर ठिपका आहे. म्हणजे लिहिणारे दोन्ही वेगळे मानत होते. दोन अक्षरं, दोन क्रमांक."

"आणि क्रमांक चुकीचा दिला गेला तर?" सीमंतिनीने विचारलं.

"तर चुकलं ते चुकलं. एकदा दिलेला क्रमांक कधीच परत घेत नाहीत. तो नियमच आहे. म्हणून तर एवढी तपासणी."

त्यांनी पिशवीतून दगडाएवढाच मोठा एक छापील फोटो काढून टेबलावर पसरला. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं, पाच ओळी. खाली त्याच ओळी संगणकाच्या सुबक अक्षरांत पुन्हा मांडलेल्या.

"उजवीकडून वाचायचं. ही तिसरी ओळ बघा. हा ठिपका एका 'र'वर, हा दुसऱ्या 'र'वर. आणि हा तिसरा दोन शब्दांच्या मधल्या जागेत. तो शब्द तोडण्याची खूण."

सीमंतिनी बराच वेळ फोटोवर वाकून राहिली. "तिन्ही ठिपक्यांत अंतर सारखंच आहे. मधला जरा वर."

"कोरणाऱ्याचा हात."

"रंगीत फोटो नाही?"

"समितीनेही मागितला. अंबरीश म्हणाला, मूळ फोटो त्याच्या जुन्या डिस्कबरोबर गेले. अंबरीश पोतनीस, माझा विद्यार्थी. या लिपीचा फॉन्ट त्याने केला, फोटोही त्यानेच काढला, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. प्रस्तावावर माझ्याबरोबर त्याचं नाव आहे."

"तुम्ही स्वतः दगड पाहिलाय?"

"एकदाच. गेल्या पावसाळ्यात. शंभर वर्षांचं तेल आणि काजळी, अक्षर धड लागत नव्हतं. कोरड्या ब्रशने साफ करायला मी अंबरीशला सांगितलं आणि त्यानंतर या गुडघ्याने मला घरी बसवलं."

"सोमवारी दगड नसला तर समिती काय करेल?"

"आहे त्या फोटोवर निर्णय घेतील. पण गुरुप्रसाद मुळे गावभर सांगेल की पद्मा टेंबेने दगड दाखवला नाही, म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे. पहिल्यापासून तो माझ्या अक्षराच्या विरोधात आहे. सीमंतिनी, माझं सगळं आयुष्य या दगडावर येऊन थांबलंय. तो शोध."

"दगड होता कुठे?"

"मंदाताई जगदाळ्यांकडे. शिंदे की छावनीत."

जिना उतरताना रमाकांतराव सीमंतिनीच्या कानाशी पुटपुटले, "मुळे. लिहून ठेवा."

*

जगदाळ्यांचं घर दोन खोल्यांचं, नव्याने रंगवलेलं. बाहेरच्या खोलीत भिंतीलगत एक कट्टा, त्यावर लाल कापडावर दोन तलवारी आणि एक ढाल. एका तलवारीची मूठ चांदीची. शेजारची जागा रिकामी होती.

"इथं होता," मंदाताई म्हणाल्या. पन्नाशीची, उभ्या बांध्याची बाई. डोळे रडून सुजलेले, पण आवाजात राग जास्त. "आमचे कान्होजी जगदाळे पहिल्या महायुद्धात संस्थानच्या फौजेतून तिकडे बसऱ्याला गेले. येताना वळकटीत घालून हा आणला. घरात कुणाला वाचता येईना. आजेसासूबाई म्हणाल्या, देवाची अक्षरं असतील. तेव्हापासून शस्त्रांबरोबर त्याचीही पूजा."

"केवढा होता?"

"पोळपाटापेक्षा थोडा मोठा, चौकोनी. काळा कुळकुळीत. माणसाने दोन हातांनी उचलावा एवढा."

"चोरी कधी झाली?"

"काल. मी दर गुरुवारी दत्ताच्या आरतीला जाते. सौरव कामावर. आले तर कुलूप जागेवर, दगड नाही."

"आणि किल्ली?"

मंदाताईंनी दाराबाहेरच्या चपलांच्या मांडणीकडे बोट दाखवलं. "मागच्या बाजूला खिळा आहे. सगळ्यांना ठाऊक. अंबरीशला, त्या मुळे सरांना, वीज मोजायला येणाऱ्यालासुद्धा. इतकी वर्षं कधी टाचणी गेली नाही हो."

"चांदीची मूठ सोडून दगड नेला," रमाकांतराव म्हणाले. "चोर मूर्ख आहे."

"किंवा अगदी हुशार," सीमंतिनी म्हणाली. "मंदाताई, पूजा कशी करता?"

"खंडेनवमीला. खंडोबाचा भंडारा पाण्यात कालवायचा, तीन बोटं बुडवायची आणि प्रत्येक शस्त्रावर एकदाच टेकवायची. दगडावरही. दुसऱ्यांदा हात लावायचा नाही, पुसायचं नाही. कोजागिरीला ओल्या फडक्याने सगळं उतरवायचं. आमच्याकडे हे असंच चालत आलंय."

सीमंतिनीने मान हलवली. एवढ्यात आतल्या खोलीतून सौरव आला. पंचविशीचा, मोबाइल टॉवरच्या कंपनीचा टी-शर्ट घातलेला.

"पुलिस नाही ना?" त्याने विचारलं.

"अजून तरी नाही," सीमंतिनी म्हणाली. "दगड विकायचा विचार होता?"

सौरवने आईकडे पाहिलं. मंदाताईंनी पदर कमरेला खोचला.

"बोल की. मलाही ऐकू दे."

"आई, सुन तो लो पहले. विक्रमसिंह म्हणून एक जण आहे, पुरानी चीज़ें घेतो. त्याला मी फोटो दाखवला होता, बस. तो म्हणाला, दिल्लीवाले पास करू देत, फिर बात करेंगे. बिना काग़ज़ के उसमें दम नहीं. मी कशाला चोरू? माझ्याच घरातून?"

"तुझ्याच घरातून चोरणारे पुष्कळ असतात," रमाकांतराव म्हणाले.

"अंकल, आप रहने दो."

सीमंतिनी कट्ट्याशी उकिडवी बसली. कट्ट्याच्या कडेचा टवका नुकताच उडालेला दिसत होता. "हे काय?"

मायलेकांची नजरानजर झाली.

"संक्रांतीच्या आधी रंगकाम काढलं," मंदाताई हळूच म्हणाल्या. "सौरवने दगड उचलला आणि हातातून सुटला. वरचा उजवा कोपरा उडाला. टिचभरच. पण एक अक्षर गेलं."

"पद्माबाईंना सांगितलंत?"

"कोणत्या तोंडाने सांगणार? कुणालाच नाही सांगितलं. म्हटलं, सोमवारी दिसेलच, तेव्हा पाया पडून माफी मागू."

"प्लीज़, उनको मत बताइए अभी," सौरव म्हणाला. "आधीच टेन्शनमध्ये आहेत."

"दगडाचा टवका ठेवलाय?"

मंदाताईंनी देवघरातून कापसात गुंडाळलेला काळा तुकडा आणला. सीमंतिनीने तो उजेडात धरला आणि परत दिला. "जपून ठेवा. लागेल."

*

प्रा. गुरुप्रसाद मुळे दाल बाज़ारात एका धान्याच्या गोदामावर राहत. जिन्यात तूरडाळीची धूळ इतकी होती की रमाकांतराव तीनदा शिंकले.

"या," मुळे म्हणाले. "पद्माबाईंनी माझं नाव पहिलं सांगितलं असणार."

"दुसरं," रमाकांतराव म्हणाले. "पहिलं मी सांगितलं."

मुळे मोठ्याने हसले. लुकडे, ताठ, खादीचा कुडता. टेबलावर उघडी पुस्तकं आणि भिंग.

"तुमचा विरोध कशाला आहे?" सीमंतिनीने विचारलं.

"एका ठिपक्याला. बाईंनी जे केलंय ते या देशात दुसऱ्या कुणी केलेलं नाही, हे मी कुठेही सांगेन. पण या लिपीचे जगात जेवढे लेख सापडले, त्यांत एकावरही ठिपका नाही. मग या एकावर कुठून आला? मी बाईंना म्हटलं, मला दगड नीट बघू द्या. त्या म्हणाल्या, फोटो बघा. दोनदा मी छावनीत जाऊन आलो, दोन्ही वेळा कुलूप. शेजारीण म्हणाली, किल्ली तिथे आहे, जा आत. मी असा कुणाच्या घरात शिरत नाही."

"काल दुपारी कुठे होतात?"

"इथेच. साक्षीदार नाही. गोदामातले हमाल काल सुट्टीवर होते." त्यांनी भिंग पुसलं. "तुम्हाला वाटतं मी चोरला? मी तर सोमवारची वाट बघत होतो. दिल्लीच्या माणसाशेजारी उभा राहून मीही बघणार होतो."

"आणि ठिपका खरा निघाला असता तर?"

"तर भर सभेत बाईंची माफी मागितली असती. वादाचा अर्थ दुसरा काय असतो?"

खाली उतरल्यावर रमाकांतराव म्हणाले, "फार गोड बोलतो. हाच."

"रमाकांतराव, दगड गेल्याने मुळ्यांचा फायदा काय?"

"प्रस्ताव बुडतो."

"बुडत नाही. फोटोवर ठरतो. आणि फोटोत ठिपके आहेत."

रमाकांतरावांनी स्कूटरला लाथ मारली. ती सुरू झाली नाही.

*

दाना ओलीतली गल्ली इतकी अरुंद की स्कूटर बाहेर लावावी लागली. अंबरीश पोतनीस तळमजल्यावरच्या एका खोलीत काम करायचा. तिशीचा, दाढी वाढलेली, डोळ्यांखाली काळं.

"मॅडमचा फोन आला होता. बसा. म्हणजे, जागा असेल तिथे बसा."

जागा नव्हतीच. पिवळट ग्वाल्हेरी फरशीवर कागद, पुस्तकं, वायरी. रमाकांतराव त्याने दिलेला चहाचा कप घेऊन कोपऱ्याकडे सरकले आणि इन्व्हर्टरच्या वायरीत पाय अडकून पडता पडता वाचले. वायरी तंबूच्या दोरासारख्या ताणलेल्या होत्या.

"सांभाळून, काका!" अंबरीश झटकन उठला. "बॅटरीला धक्का नको."

"बॅटरीला कशाला, मलाच लागला असता." त्यांनी कप बॅटरीशेजारी ठेवला. धुळीने माखलेली जुनी बॅटरी एका दगडी पाटावर बसवलेली, मध्ये निळ्या प्लास्टिकचा कोरा तुकडा. "ही वर कशाला चढवलीत?"

"पावसाचं पाणी येतं गल्लीतून."

"पावसाला अजून तीन महिने आहेत हो."

"आळशी माणूस एकदा तरी वेळेआधी काम करतो," अंबरीश हसून म्हणाला.

सीमंतिनी त्याच्या पडद्याकडे बघत होती. "फॉन्ट कसा करतात, मला समजावून सांग."

त्याचा चेहरा खुलला. "फोटो घ्यायचा, रंग काढून टाकायचे. राखाडीसुद्धा ठेवायचा नाही. काळं आणि पांढरं, बस. पांढरं ते अक्षर, काळा तो दगड. मग कडा आखायच्या. अक्षराला रंग नसतो, आकार असतो."

"अक्षरं पांढरी कशी दिसतात?"

"खोदलेल्या रेघांत खडूची भुकटी भरली होती. काळ्या दगडावर त्याशिवाय काही दिसत नाही. खोलीत वीज नव्हती, घाईघाईत काढले फोटो."

"त्यानंतर दगड कधी पाहिलास?"

"नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी फोटो काढले, तेवढंच. पुन्हा तिकडे गेलोच नाही. वेळ कुठे होता?"

"आणि हे?" पडद्यावर तोच पाच ओळींचा लेख होता, नव्या फॉन्टमध्ये. पहिल्या ओळीच्या अगदी उजव्या टोकाला पहिलं अक्षर चौकोनी कंसात.

"चाचणीचा मजकूर. रात्रीच ताजा केला. उजवीकडून चालणाऱ्या लिपीत कंस उलटे फिरवावे लागतात, तेही तपासून होतं."

"कंस कशाला लागतो?" रमाकांतरावांनी विचारलं.

"जे अक्षर दगडावरून तुटलंय पण काय होतं ते माहीत आहे, ते कंसात टाकायची पद्धत आहे. वाचणाऱ्याला फसवायचं नसतं." त्याने पडद्याकडे पाहिलं. "मॅडमनी पहिल्याच तासाला शिकवलं होतं."

सीमंतिनी उठली. "सोमवारनंतर तुझं काय ठरलंय?"

"बंगळूरची एक संस्था जुन्या लिप्यांच्या कामासाठी घेतेय. नवं अक्षर शोधणारा म्हणून. तशी त्यांची अट नाही, पण..." त्याने खांदे उडवले. "त्याशिवाय मला कोण विचारतं?"

गल्लीत आल्यावर रमाकांतराव म्हणाले, "बिचारा. सगळ्यात जास्त नुकसान त्याचंच. हा नक्की नाही."

सीमंतिनीने फोन काढला. "सगळ्यांना रविवारी सकाळी इथेच बोलवा. अंबरीशच्या खोलीत. मंदाताईंना सांगा, तो टवका घेऊन या."

*

रविवारी खोलीत पाय ठेवायला जागा राहिली नाही. पद्माबाई एकुलत्या खुर्चीवर, मुळे दाराशी, मंदाताई आणि सौरव भिंतीला टेकून. अंबरीश टेबलाच्या कडेवर बसला होता.

"मला एक प्रश्न सुटत नव्हता," सीमंतिनीने सुरुवात केली. "चांदी सोडून दगड कुणी नेला? म्हणजे नेणाऱ्याला वस्तूची किंमत नको होती. त्याला दगडच हवा होता, आणि तोही सोमवारच्या आत. विकणाऱ्याला घाई नव्हती. विक्रमसिंहने सौरवला सांगितलं होतं की दिल्लीची मान्यता मिळाल्यावरच बोलू. सौरवने चोरला असता तर मंगळवारी."

"थँक यू," सौरव म्हणाला.

"गप बस," मंदाताई म्हणाल्या.

"मग मुळे सर. त्यांना ठिपका मान्य नाही. तो खोटा पाडायला जगात एकच साधन होतं, तो दगड. दगड गेला तर समिती फोटोवर निर्णय घेणार, आणि फोटो पद्माबाईंच्या बाजूने बोलतो. सरांनी दगड चोरणं म्हणजे वकिलाने स्वतःचाच साक्षीदार पळवणं."

मुळ्यांनी किंचित मान झुकवली.

"आपण सगळे समजत होतो की दगड प्रस्ताव पाडण्यासाठी चोरला. मी ते उलटं करून पाहिलं. प्रस्ताव वाचवण्यासाठी चोरला असेल तर? म्हणजे दगडात असं काहीतरी असणार, जे फोटोत नाही. किंवा फोटोत असं काही, जे दगडात नाही."

पद्माबाईंची काठी फरशीवर आपटली. "काय म्हणायचंय तुला?"

"बाई, फोटो पुन्हा बघा. तीन ठिपके. अंतर सारखं, मधला जरा वर. दोन अक्षरांवर पडलेत, तिसरा मोकळ्या जागेत. दोन अक्षराच्या खुणा आणि एक शब्द तोडण्याची खूण, एकाच आकाराची, एकाच ओळीत? कोरणारा असा का वागेल? मंदाताई, फोटोवर भंडारा लावून दाखवाल?"

मंदाताई पुढे झाल्या. तीन बोटं जुळवून त्यांनी तिसऱ्या ओळीवर टेकवली. एकेका ठिपक्यावर एकेक बोट बसलं. मधलं लांब, म्हणून वर.

मंदाताईंनी हात चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"पद्माताई, मला ठाऊक नव्हतं हो..."

"तुमचं काही चुकलं नाही," सीमंतिनी म्हणाली. "नवमीला भंडारा लागला, कोजागिरीपर्यंत पुसायचा नाही. फोटो निघाला दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, अंधाऱ्या खोलीत. अक्षरांत भरलेली खडूची भुकटी वाळलेल्या भंडाऱ्यावरही बसली. मग फोटोतून रंग काढून टाकले. पिवळं आणि पांढरं यांतला फरक तिथेच संपला. इथपर्यंत प्रामाणिक चूक आहे. पुढे समितीने रंगीत फोटो मागितला, तेव्हा कुणीतरी मूळ फोटो मोठा करून पाहिला आणि ठिपक्यांच्या कडांना पिवळं दिसलं."

"ती डिस्क गेली होती," अंबरीश म्हणाला.

"असं तू म्हणालास. तू असंही म्हणालास की दसऱ्यानंतर दगड पाहिला नाहीस. सौरव, कोपरा कधी उडाला?"

सौरवने पद्माबाईंकडे बघायचं टाळलं. "संक्रांतीच्या आधी. पेंटिंग चालू होतं तेव्हा. सॉरी, मावशी."

मंदाताईंनी कापूस उलगडला. पद्माबाईंनी तुकडा हातात घेतला, उलटा केला, ओठ घट्ट मिटले.

"ही गोष्ट या दोघांशिवाय कुणालाच माहीत नव्हती," सीमंतिनी म्हणाली. "पद्माबाईंच्या फोटोत ते अक्षर शाबूत आहे, खालच्या मजकुरातही. पण शुक्रवारी या पडद्यावर तेच अक्षर कंसात होतं. आदल्या रात्री टाकलेलं. अंबरीश, गुरुवारी दगड घरी आणलास. रात्री तो निवांत पाहिलास आणि कोपरा तुटलेला दिसला. तुटलेलं अक्षर कंसात टाकल्याशिवाय तुझ्याने राहवेना."

"पण दगड आहे कुठे?" मुळ्यांनी विचारलं.

"रमाकांतराव त्याच्यावर कप ठेवणारच होते, थोडक्यात चुकले. या घरात सगळी फरशी पिवळी, आणि बॅटरीखाली काळा पाट. बॅटरीवर बोटभर धूळ, खालचं प्लास्टिक कोरं. वायरी ताणलेल्या, कारण बॅटरी नुकतीच उंच झाली. आणि साध्या पाटावर तेजाबाचा थेंब पडू नये म्हणून प्लास्टिक कोण अंथरतं?"

सौरव आणि रमाकांतरावांनी बॅटरी उतरवली. दगड पालथा होता. सौरवने तो उलटा केला आणि या वेळी छातीशी घट्ट धरून पद्माबाईंच्या पुढ्यात ठेवला. मंदाताईंनी टवका कोपऱ्याला लावला. बरोबर बसला.

पद्माबाईंनी तिसऱ्या ओळीवरून अंगठा फिरवला. एकदा, मग पुन्हा. तीनही जागा गुळगुळीत होत्या.

"फोडून टाकता आला असता," मुळे हळू आवाजात म्हणाले.

"तो कसा फोडू?" अंबरीश एकदम ओरडला. "मॅडम, सोमवार होऊन गेला की रात्रीच परत ठेवणार होतो. एक ठिपका, मॅडम. तुमचं आयुष्यभराचं काम एका ठिपक्यासाठी मागे पडेल. आता हे अक्षर मागे घेतलं तर सगळा प्रस्ताव पुन्हा रांगेच्या शेवटी. कदाचित कितीतरी वर्षं. तुम्ही..." तो थांबला.

"मी सत्तरीची आहे. बोल ना."

तो टेबलाच्या कडेवरून उतरून उभा राहिला.

"आणि त्या खोट्या अक्षराला क्रमांक मिळाला असता," पद्माबाई म्हणाल्या. "तो परत घेता आला नसता. तू मेल्यावर, मी मेल्यावर, पोरं ते अक्षर शोधत बसली असती. अस्तित्वातच नसलेलं अक्षर. माझ्या नावावर."

मंदाताई पुढे आल्या. "माझ्या घरी जेवलास तू. आणि त्याच खिळ्यावरची किल्ली घेऊन शिरलास. पोलिसांत जायचं की नाही, ते मी ठरवीन. आज नाही. उद्या दिल्लीचा माणूस येईल तेव्हा हा दगड तू उचलून आणायचास, कट्ट्यावर ठेवायचास आणि त्याला तुझ्या तोंडाने सगळं सांगायचंस. मग बघू."

अंबरीशने मान हलवली.

"पद्माबाई," मुळे म्हणाले, "माझा बाकीच्या अक्षरांना कधीच विरोध नव्हता. नव्या प्रस्तावावर माझी सही चालणार असेल, तर दोघांच्या नावाने थोडं लवकर होईल."

"चालेल. पण तुमची टिपणं उद्या दुपारपर्यंत हवीत. तुम्ही फार वेळ लावता."

"उद्या दुपारी."

रमाकांतराव सीमंतिनीच्या कानाशी वाकले. "म्हणजे मुळे नाहीच?"

"नाही."

पद्माबाईंनी खुर्ची टेबलाकडे ओढायला लावली. "अंबरीश, बस. समितीला पत्र लिहायचंय. आत्ता. एक अक्षर मागे घेत आहोत, बाकीची तपासून पुन्हा पाठवतो."

तो बसला. बोटं कळांवर आली आणि थांबली.

"मॅडम, कारण काय लिहू?"

"जे झालं ते. पूजेच्या खुणा आम्ही अक्षर समजलो. वाक्य लहान ठेव."

त्याने लिहिलं. मग मान वर न करता विचारलं, "चूक कुणाची, तेही लिहायचं?"

"प्रस्तावावर पहिलं नाव कुणाचं आहे?"

"तुमचं."

"मग माझी. लिही."